रुसलेलं पान

शुक्रवार, १४ तारीख
गाडीत, दुपारी

धाकटे,

माझं अक्षर ओळखलंस तर हे पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून वरचा पत्ता टाचणीकडून लिहून घेणार आहे. तिचं अक्षर इतकं भयंकर आहे की निदान हे कुणाचं म्हणून तरी उघडशील. पत्ता तुझ्या लेकीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस. द्यायला ती तयार नव्हती, मीच तिचा पिच्छा पुरवला.

टाचणी आठवते ना? माझ्या वर्गातली, काडीसारखी बारीक आणि जिभेनं टोचणारी. आता तिला दाभण म्हणायला हवं. जीभ मात्र अजून तीच. चष्म्यांचं दुकान अजून चालवते. काल संध्याकाळी तिचा फोन आला.

"उद्यापासून चार दिवस जोडून सुट्टी. दुकान बंद. बॅग भर."

"निवृत्त माणसाला कसली आलीय जोडून सुट्टी?"

"मग तर नाही म्हणायला कारणच उरलं नाही. करणार काय आहेस? पडदे धुणार?"

मी खरोखरच पडदे काढायला स्टुलावर चढले होते.

"जायचं कुठे पण?"

"स्टेशनवर ठरवू. पहिली सुटेल ती गाडी."

तर अशी आमची वरात निघाली आहे. दोन म्हाताऱ्या, तीन बॅगा, चार चष्मे. पहिली सुटणारी गाडी नेमकी त्या शहराची निघाली. कुठलं शहर ते तुला सांगायला नको. माझा त्यात काही हात नाही. मीही ते पहिल्यांदाच बघणार आहे. लोक म्हणतात एकदा तरी पाहावं, म्हणून चालले आहे, एवढंच.

टाचणी समोर बसून संत्री सोलतेय, डाव्या हातानं. शाळेतल्या सिस्टरनी पहिलीत तिच्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधली होती, ती आठवते? "ज्या हाताला फीत, त्या हातानं लिहायचं." फीत वर्षभर राहिली आणि टाचणीबाईंच्या डोक्यातला डाव्या-उजव्याचा गोंधळ जन्मभर. दुकानात ती गिऱ्हाइकाला "उजवा डोळा मिटा" असं कधीच म्हणत नाही. "दाराकडचा डोळा मिटा, आता खिडकीकडचा," असं म्हणते. आपल्याकडे खेळायला आली की बाबा किती खूश व्हायचे! "ही माझ्या पंथातली," म्हणायचे आणि आपल्याआधी तिला खाऊ द्यायचे.

बाबांचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते. पहिल्याच पानावर निघाला.

ताई


शनिवार, १५ तारीख
खोलीवर, सकाळी

धाकटे,

कालचं पत्र स्टेशनवरच पेटीत टाकलं, कारण जवळ ठेवलं असतं तर फाडलं असतं.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. खिडकी उघडली की समोर शहराची वेस. मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळत होता. शब्द मोजून वापरायची सवय लागली आहे. पण सकाळी खिडकी उघडली आणि मला एकही शब्द सुचला नाही. सात माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी कमानीच्या माथ्याला हात लागणार नाही. वर पाखरांची घरटी. खाली दगडात गाड्यांच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडल्या आहेत, घासून घासून गुळगुळीत. शेकडो वर्षं माणसं तिथून धान्य, लाकूड, नव्या नवऱ्या, आजारी माणसं आत आणत होती. त्या चाकोरीत एक पाणी विकणारी बाई निवांत पाय सोडून बसली होती.

"एवढं सगळं हातानं?" टाचणी माझ्यामागे उभी राहून म्हणाली. मग जरा थांबून, "आणि चष्म्याशिवाय!"

चहा पिऊन बाहेर पडलो. नकाशा तिच्या हातात. "आता उजवीकडे," म्हणायची आणि ठामपणे डावीकडे वळायची. एका कारंज्यापाशी आम्ही तीनदा आलो. तिथे एक कुलपं विकणारा बसतो. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "बाई, आता बसाच. चौथ्यांदा येण्यापेक्षा ते बरं."

पण हरवायलासुद्धा असं गाव हवं. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. एका दाराची पितळी कडी इतकी झिजलीय की जिथे माणसं धरतात तिथे ती बोटाएवढी उरली आहे. मी ती धरून पाहिली, तर माझा हातही बरोबर तिथेच बसला. कितीतरी हातांनी माझ्यासाठी ती जागा करून ठेवली होती. मला ती सोडवेना. टाचणीनं पाहिलं, पण पहिल्यांदाच टोचलं नाही.

मोठ्या दालनाच्या बाहेरूनही गेलो. ते शहराच्या मध्यभागीच आहे, चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही. टाचणी म्हणाली, "चल आत." मी म्हटलं, "गर्दी आहे, उद्या." दारात एक म्हातारा आणि दोन कबुतरं होती.

ताई


शनिवार, १५ तारीख
संध्याकाळी, अजून उजेड आहे

धाकटे,

टाचणीनं मला धरलंच. दुपारी सूप पिताना म्हणाली, "एवढ्या लांब आलीस आणि ज्यासाठी लोक येतात तेच टाळतेस. काय आहे तिथे?"

मी सगळं सांगितलं. तुला ते माहीत आहे, पण माझ्या हातून लिहिलेलं तू कधी वाचलेलं नाहीस.

मी दहा वर्षांची, तू सहा. बाबा थंडीचे चार महिने या शहरात फरशी बसवायच्या कामाला आले होते. परत आल्यावर आपल्या दोघींना पुढ्यात घेऊन त्यांनी सांगितलं होतं, "तिथे एक दालन आहे. खांब म्हणजे दगडाची झाडं, आणि फरशीवर सगळी पानं. एक मोठं पान, एक छोटं पान, अशी ओळच्या ओळ. वारा आला की पानं उडतात ना, तशी सगळी एकाच बाजूला तोंड करून निघाली आहेत. त्यातलं एक मोठं पान मी उलटं बसवलंय. मोठ्या दारातून आत गेलं की उजव्या हाताला सातवा खांब, त्याच्या पायापासून तिसरी ओळ."

तू विचारलंस, "उलटं का?"

"ते मोठं आहे ना. धाकटं मागून येतंय का, ते बघायला मागे वळलंय."

आईनं त्यांना पत्रात कळवलं होतं, की शाळेत जाताना मोठी पुढे पळते आणि धाकटी रडत मागून येते. तुला ती गोष्ट गोष्टच वाटली. मला ते बोलणं लागलं होतं. त्रेपन्न वर्षं झाली, अजून लागतं.

मग नऊ वर्षांपूर्वीचं ते हॉस्पिटल. बाबा नर्सला हीच गोष्ट सांगत होते, तिसऱ्यांदा. आणि मी म्हणाले, "बाबा, पुरे आता. त्या फरशीला चारशे वर्षांत कुणी हात लावलेला नाही. पुस्तकात छापलंय."

ते नर्सकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "असेल. तू शिकलेली आहेस."

त्यानंतर आठ दिवस ते होते. ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. खरं तर कुठलीच गोष्ट काढली नाही. ते गेले त्या दिवशी बाहेर पॅसेजमध्ये तू मला म्हणालीस, "ताई, तुला बरोबर असायचंच असतं. अगं, खोटं असतं तरी आठ दिवस बोलू द्यायचंस." तू थापी उचललीस, बाबांच्या उशाशी असायची ती, त्यांच्या डाव्या हाताच्या मुठीनं झिजलेली, आणि गेलीस ती गेलीसच.

आता मुद्रितातल्या चुका. पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या आहेत. पहिली सुटणारी गाडी या शहराची नव्हती, समुद्राकडची होती. मीच टाचणीला म्हणाले, ती भरलेली दिसतेय.

आणि मी इथे पहिल्यांदा आलेली नाही.

चौतिसाव्या वर्षी छापखान्याच्या लोकांबरोबर एका बैठकीला आले होते. परतीच्या गाडीआधी पंधरा मिनिटं होती. धावत दालनात गेले. उजव्या हाताला सातवा खांब, तिसरी ओळ. दोनदा मोजलं. सगळी पानं सरळ. एकसुद्धा वळलेलं नव्हतं. घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. वीस वर्षं मनात ठेवलं, की आपले बाबा आपल्याला फसवतात. म्हणून त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये माझ्या तोंडून ते इतकं गुळगुळीत बाहेर पडलं. पुस्तकाचं मी उगाच नाव घेतलं. मी स्वतः पाहून आले होते.

~~मला त्या दिवशी थोडा आनंदही झाला होता.~~

वरचं वाक्य मी खोडलं होतं. मग त्याच्याखाली टिंबं दिली आहेत, दिसतील तुला. आमच्या कामात खोडलेल्याखाली टिंबं दिली की त्याचा अर्थ, असू दे.

टाचणीनं सगळं ऐकून घेतलं आणि सूप थंड झालं म्हणून वेटरला रागावली. मग मला म्हणाली, "उद्या सकाळी दहाला. मी हात धरून नेणार आहे, कुठला हात ते विचारू नकोस."

ताई


रविवार, १६ तारीख
दालनाबाहेरच्या बाकावर

धाकटे,

मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर समजून घे.

दहाला दार उघडलं. चौतिसाव्या वर्षी मी या दालनात धावत आले आणि धावत गेले, म्हणजे मी ते पाहिलंच नव्हतं. आज पाहिलं. आत गेल्याबरोबर टाचणीचं बोलणं बंद झालं, यावरून काय ते ओळख. खांब वर जातात, वर जातात, आणि जिथे संपतील असं वाटतं तिथे फांद्या होतात. फांद्या एकमेकींत गुंततात आणि त्याचंच छप्पर होतं. उंचावरच्या खिडक्यांतून उजेड तिरपा खाली येतो आणि फरशीवर पडतो, आणि त्या उजेडात पानं, अगं पानंच पानं, मोठं, छोटं, मोठं, छोटं, दारापासून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. आपण दार उघडलं, त्याच्याच वाऱ्यानं उडाल्यासारखी. मी पाऊल टाकायला कचरत होते. एवढ्या मोठ्या जागेत आपला श्वाससुद्धा ऐकू येतो. बाबा या जागेत चार महिने गुडघ्यांवर बसून काम करत होते, आणि मी त्यांना म्हणाले, पुस्तकात छापलंय.

उजव्या हाताला खांब मोजले. सातवा. तिसरी ओळ. खाली वाकून एकेक पान तपासलं, मुद्रित तपासते तसं, बोट ठेवून.

सगळी सरळ.

"बघ," मी टाचणीला म्हटलं. "नाही. तेव्हाही नव्हतं, आताही नाही." एवढं वाईट मला कुठल्याच बरोबर उत्तराचं वाटलं नव्हतं.

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग खांबाकडे. मग म्हणाली, "हे कुठलं उजवं?"

"कुठलं म्हणजे? उजवं म्हणजे उजवं!"

"तसं नाही गं. तुझे बाबा जेवायचे कुठल्या हातानं?"

धाकटे, मी तिथे उभ्या जागी गार झाले.

आपल्या घरात बाबा म्हणायचे, "उजव्या हाताचा डबा दे," आणि आई न बघता डाव्या बाजूचा द्यायची. लहानपणी त्यांना कुणीतरी शिकवलं होतं, जेवतो तो हात उजवा. ते जेवायचे डाव्यानं. झालं, तोच त्यांचा उजवा. कामावरची माणसं चेष्टेनं विचारायची, "मिस्त्री, तुमचं उजवं की जगाचं?" घरात मात्र कुणी कधी विचारलं नाही. आई, तू, मी, आपण तिघी मनातल्या मनात बाजू फिरवून घ्यायचो. आपण ते मुद्दाम असं कधी शिकलोच नाही, म्हणून मला आठवलंही नाही. चौतिसाव्या वर्षी मी घर सोडून बारा वर्षं झाली होती. त्या पंधरा मिनिटांत मी जगाचं उजवं धरलं आणि तेच वीस वर्षं धरून बसले.

टाचणीनं मला पलीकडे नेलं. अंतर फार नाही, पन्नास पावलं असेल. पलीकडे साफसफाईची बाई ओल्या फडक्यानं फरशी पुसत येत होती, माझ्याच वयाची. मी खांब मोजतेय हे बघून ती थांबली.

"रुसलेलं पान बघायचंय का?"

"काय?"

"रुसलेलं पान. सगळ्यांकडे पाठ करून बसलंय ते. ते बघा तिथे. आम्ही त्याला तसंच म्हणतो. माझी आई इथे पुसायची, तीही हेच म्हणायची."

सातवा खांब. तिसरी ओळ. एक मोठं पान, दाराकडे तोंड करून.

मी म्हटलं, "पण पुस्तकात तर छापलंय, चारशे वर्षांत फरशीला हात लावलेला नाही."

"पुस्तक लिहिणारा फरशी पुसायला आला होता का?" ती म्हणाली. "एका थंडीत नळ फुटला, या बाजूचं सगळं उखडलं. आई सांगायची, बाहेरून माणसं आणली होती. चार महिने काम चाललं होतं. त्यातला एक डावरा होता, आईला हसवायचा. जाताना तिला म्हणाला, 'बाई, हे पान जपून पुसा, माझ्या घरचं आहे.'"

मला बसावंसं वाटलं आणि बसले, फरशीवरच. गुडघ्यांनी कुरकुर केली, करू दे म्हटलं. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, ते रुसलेलं नाहीच. उभ्यानं बघितलं तर ते सगळ्यांकडे पाठ करून बसलंय असं वाटतं. खाली बसून बघितलं की दिसतं, त्याच्या लगेच मागे एक छोटं पान आहे आणि दोघांची टोकं समोरासमोर आली आहेत, बोटभर अंतरावर. ज्यानं बसवलं तो गुडघ्यांवर बसलेला होता ना. त्याला ते असंच दिसत होतं.

त्रेपन्न वर्षं ती दोघं एकमेकांकडे बघताहेत. हजारो माणसं वरून चालून गेली. मी पन्नास पावलांवरून परत गेले.

मी हात ठेवला. गार होतं, नुकतंच पुसलेलं. मी रडले, पण ते तुला सांगायला लिहीत नाही. मला सांगायचंय ते हे, की मी घाबरले. एवढ्या मोठ्या जागेत, त्या फांद्यांखाली, कुणीतरी माझं वागणं पाहिलं होतं, त्याची शिक्षा केली नव्हती, आणि मी सुधारेन असं धरून ते दगडासारखं पक्कं करून ठेवलं होतं.

उठताना एका बाजूनं टाचणी आणि एका बाजूनं ती बाई. "हळू," बाई म्हणाली, "ओलं आहे." मग तिनं विचारलं, "तुमचं कोण होतं ते?"

मी म्हटलं, "माझे बाबा. खरं बोलणारा माणूस."

माझ्या तोंडून हे नऊ वर्षं उशिरा निघालं. ऐकायला ते नाहीत, म्हणून तुला लिहितेय.

ताई


सोमवार, १७ तारीख
स्टेशनवर

धाकटे,

टाचणी खिडकीची जागा धरायला आधीच गाडीत जाऊन बसली आहे. "उजव्या बाजूची घेतली," म्हणाली, तेव्हा तिला डावीकडे शोधायला हवं.

काल रात्री जेवताना तिनं एक विचारलं, "तुझ्या बाबांनी तुम्हा दोघींत कधी डावं-उजवं केलं का गं?" मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. त्यांना ते येतच कुठे होतं!

मला तुझ्याकडून "चालेल, झालं गेलं" असलं काही नको आहे. तू पॅसेजमध्ये म्हणालीस ते खरं होतं. फक्त एक अर्धं राहिलं होतं, ते मी आता जोडते. ते खोटंसुद्धा नव्हतं. आणि तुझ्याजवळ ती थापी आहे, पण तिनं काय बसवलं ते तू पाहिलेलं नाहीस. ते सगळ्यांआधी तू पाहायला हवं होतंस, आणि पाहून आले मी. ही वाटणी मला मंजूर नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा येते आहे, एकटी. नाही आलीस तर त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी येईन. मला आता कुठे जायची घाई नाही, आणि पडदे तसेही धुवून झालेले नाहीत.

दार सकाळी दहाला उघडतं. आत आलीस की लगेच पुढे जाऊ नकोस. दारातच थांबून वर बघ, मान दुखेपर्यंत. मग खांब मोजत ये. घाबरू नकोस, मी पुढे पळालेली नसेन. सातव्या खांबापाशी, दाराकडे तोंड करून उभी असेन.

उजव्या हाताला. बाबांच्या.

ताई